मशरूमच्या कॅप्सूलमध्ये मशरूम किती, भात किती

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या मेडिकलमध्ये प्रोटीनच्या डब्यांशेजारी आता रेशी, कॉर्डिसेप्स, लायन्स मेन अशा औषधी मशरूमच्या नावांच्या बाटल्या दिसतात. तालुक्याच्या गावात मात्र त्या दुकानातून कमी आणि ओळखीतून जास्त येतात. कुणाचे दाजी, कुणाचे निवृत्त गुरुजी ‘शुगर उतरते, गुडघे मोकळे होतात’ असं सांगत रेशी-कॉफीची पाकिटं घरपोच देऊन जातात. घेणारा एकच विचारतो, गुण येतो का? माझं म्हणणं असं की त्याच्या आधी विचारायला हवं, आत नेमकं काय भरलंय? सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीत मशरूमच्या फळाचा अर्क असतो आणि दुसरीत दळलेलं धान्य. नाव, चित्र आणि किंमत दोन्हींवर सारखीच.

हा नुसता संशय नाही. अमेरिकेच्या बाजारातून घेतलेल्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात लेबलाशी जुळणारे नमुने निघाले फक्त ५. बाकीच्या बऱ्याच नमुन्यांत रेशीची ओळख असलेली ट्रायटर्पीन्स ही कडू द्रव्यं सापडली नाहीत, सापडला तो स्टार्चसारखा भराव.

फळ, जाळं आणि धान्य

आपण छत्री म्हणतो ते मशरूमचं फळ. त्याच्या आधी, लाकडात किंवा धान्यात पसरतं ते पांढरं धाग्यांचं जाळं, म्हणजे मायसेलियम. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यावर वाढवलेलं स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, त्याच्या रोजच्या हाताखालचं आहे.

आता असं समजा की स्पॉनची तीच पिशवी, दाण्यासकट वाळवली, दळली आणि कॅप्सूलमध्ये भरली. सप्लिमेंटच्या बाजारातला मोठा माल याच पद्धतीनं तयार होतो. फळ यायची वाट बघावी लागत नाही, काही आठवड्यांत माल तयार, आणि वजन भरायला धान्य आहेच. जाळं दाण्यात इतकं घुसलेलं असतं की ते वेगळं काढताच येत नाही. अशा भुकटीत स्टार्च तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले तो बीटा-ग्लुकान, म्हणजे मशरूमच्या पेशीभिंतीतला गुणकारी मानला जाणारा घटक, अनेकदा दहा टक्क्यांच्या आत राहतो. फळाच्या चांगल्या अर्कात तो साधारण वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर असायला हवा.

म्हणून मायसेलियम सरसकट वाईट असं मात्र नाही. लायन्स मेनमधली एरिनासिन्स ही द्रव्यं मुख्यतः मायसेलियममध्येच मिळतात. टर्की टेल या मशरूमपासून जपाननं काढलेलं पीएसके हे औषधही मायसेलियमपासूनच बनायचं. पण तिथं जाळं टाकीतल्या द्रव माध्यमात वाढवून गाळून घेतात, त्यात धान्याचा दाणा येत नाही. तेव्हा बाटलीवर नुसतं ‘मायसेलियम’ लिहिलेलं असेल तर कशावर वाढवलं हे विचारायचं. ‘मायसेलिएटेड ब्राऊन राइस’ किंवा ‘ओट्स’ असे शब्द बारीक अक्षरात दिसले की उत्तर मिळालं.

उकळल्याशिवाय अर्क नाही

मशरूमच्या पेशीची भिंत कायटिनची असते. झिंग्याच्या कवचात असतं तेच हे द्रव्य, आणि आपलं पोट ते नीट पचवू शकत नाही. बीटा-ग्लुकान या भिंतीतच अडकलेलं असतं. नुसती वाळवून दळलेली कच्ची भुकटी घेतली तर त्यातलं बरंचसं आलं तसं निघून जातं. तासभर, दोन तास गरम पाण्यात मंद उकळलं की भिंत सैल होते आणि पाण्यात विरघळणारा भाग बाहेर येतो.

रेशीमधली ट्रायटर्पीन्स पाण्यात फारशी उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतो. म्हणून रेशीचा चांगला अर्क दुहेरी काढतात: एकदा पाण्यात, एकदा अल्कोहोलमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र करून वाळवतात. कॉर्डिसेप्सचं तसं नाही, त्यातलं कॉर्डिसेपिन पाण्यात उतरतं. त्यामुळे ‘ड्युअल एक्सट्रॅक्ट’ हा शब्द रेशीवर अर्थाचा आहे, कॉर्डिसेप्सवर तो बहुतेक वेळा भाव वाढवायलाच असतो.

पातळ टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधला अर्क, घेणाऱ्यांनी एक बघावं. काढा आणि अल्कोहोल एकत्र करताना अल्कोहोलचं प्रमाण फार वाढलं की पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्यांचं द्रव्य, बीटा-ग्लुकान त्यातलंच) पांढऱ्या तंतूंसारखं खाली बसतं. प्रयोगशाळेत ते वेगळं काढायची रीतच ती आहे. बनवणाऱ्यानं तो साका गाळून फेकला असेल तर बाटलीत ट्रायटर्पीन्स उरतात, बीटा-ग्लुकान गेलेलं असतं. तळाशी साका असलेलं टिंक्चर हलवून घ्यायचं. घरी टिंक्चर करायच्या फंदात पडू नका. शुद्ध अल्कोहोलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि सॅनिटायझर किंवा दुकानातलं स्पिरिट पोटात घ्यायचं नसतं, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

लेबल वाचताना

‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ हा आकडा सर्वात फसवा. स्टार्च हे पॉलिसॅकराइडच आहे, आणि अर्क सुकवताना घालतात ते माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, तीही त्याच मोजणीत धरली जाते. तांदळाचं पीठ तपासायला दिलं तर ते हा आकडा सहज गाठेल. बीटा-ग्लुकान किती आणि अल्फा-ग्लुकान किती हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. अल्फा-ग्लुकान म्हणजे मुख्यतः स्टार्च. फळाच्या मालात तो पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

‘१०:१’ किंवा ‘२०:१’ म्हणजे दहा किंवा वीस किलो मशरूमपासून एक किलो अर्क काढला, असा दावा. हे मोजून तपासायची सोय ग्राहकाकडे नाही. शिवाय जास्त आटवला म्हणून अर्क आपोआप चांगला ठरत नाही. मी हा आकडा धरतच नाही.

हिशोब असा करावा. समजा बाटलीत ५०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल आहेत. म्हणजे एकूण माल ३० ग्रॅम. बीटा-ग्लुकान ३० टक्के असेल तर ९ ग्रॅम. बाटलीची किंमत त्या ९ ने भागा. दुसरी बाटली अर्ध्या किमतीची आहे, पण तिच्यात ६ टक्केच असेल तर १.८ ग्रॅम. स्वस्त वाटली ती बाटली अडीच पट महाग पडली.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द आणि औषध म्हणून वापरायचं नाही अशी सूचना, एवढं तर पाकिटावर असायलाच हवं. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता. बॅचचा तपासणी अहवाल मागा, तो एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा असावा आणि त्यावरचा बॅच क्रमांक तुमच्या हातातल्या बाटलीशी जुळला पाहिजे. तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी बॅचचा पीडीएफ पाठवून देणारे पुष्कळ आहेत. अहवालात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे चारही बघा. मशरूम ज्यावर वाढतं त्यातले जड धातू ओढून घेतं, आणि अर्क आटवला की चांगल्याबरोबर वाईटही एकवटू शकतं.

माळकरी घरांत हमखास विचारला जाणारा प्रश्न कॉर्डिसेप्सबद्दलचा. हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर मिळणारी ‘कीडा जडी’ जमिनीतल्या पतंगाच्या अळीवर वाढते, तिच्यात अळी असतेच. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये ती जवळपास कधीच नसते, कारण तिचा भाव सोन्याच्या मापानं चालतो. तिथं बहुतेकदा असतं ते कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, जे प्रयोगशाळेत ब्राऊन राइसवर वाढवतात. काही ठिकाणी ते रेशमाच्या कोषातल्या किड्यावरही घेतात. म्हणून हिरवा ठिपका बघा, आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे की वनस्पतीजन्य तेही वाचा.

आयोडीनची तपासणी

हे घरी होतं, खर्च नगण्य. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण आणा. साबण मिसळलेलं स्क्रब नको.

दोन कॅप्सूल उघडून भुकटी अर्धा कप पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा. दुसऱ्या भांड्यात चिमूटभर तांदळाचं पीठ तसंच उकळा, तिसऱ्यात नुसतं पाणी ठेवा. तिन्ही पूर्ण थंड होऊ द्या. गरम पाण्यात आयोडीनचा निळा रंग टिकत नाही, आणि घाईत तपासलं की भेसळीचा मालही पास होतो. मग पांढऱ्या बशीत तिन्हींचे दोन-दोन चमचे वेगवेगळे घ्या आणि प्रत्येकात आयोडीनचे एक-दोन थेंब टाका.

पिठाचं पाणी लगेच शाईसारखं निळं-काळं होईल. साधं पाणी पिवळट तपकिरी राहील. तुमच्या कॅप्सूलचं पाणी कोणाच्या बाजूला जातं ते बघायचं. रेशीचा अर्क मुळात गडद असतो, त्यामुळे तो कोऱ्या चहाइतका फिका होईपर्यंत पाणी घालून मगच थेंब टाका, नाहीतर काळ्यात काळं दिसत नाही. तपासलेलं सगळं ओतून द्या, चुकूनही पिऊ नका.

ही तपासणी दोन ठिकाणी चकवते. कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी किंवा आवळा मिसळलेला असेल तर तो आयोडीनचा रंगच घालवतो आणि स्टार्च असूनही पाणी फिकं दिसतं. अशा वेळी आयोडीनचे थेंब वाढवत जा, व्हिटॅमिन संपलं की खरा रंग येतो. दुसरं म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन. ते निळं होत नाही, फार तर लालसर छटा देतं. तेव्हा निळं झालं तर धान्य किंवा स्टार्चचा भराव आहे हे नक्की, पण निळं झालं नाही म्हणजे माल शुद्ध असं म्हणता येत नाही.

जोडीला जीभ वापरा. रेशी कडू लागलीच पाहिजे. कडूपणा ट्रायटर्पीन्सचा असतो. गोडसर किंवा पिठूळ लागणारी रेशी घेऊ नये. गरम पाण्याच्या ग्लासात एक ग्रॅम टाकून ढवळा. अर्क बहुतेक विरघळतो, तळाला थोडा गाळ राहतो. दळलेलं मशरूम भुशासारखं वर तरंगतं आणि मग थर करून खाली बसतं. कॉर्डिसेप्सचा रंग केशरी हवा. फिक्कट पांढुरकी भुकटी असेल तर फळाबरोबर खालचा भातही दळलेला आहे.

कोणत्या मशरूमबद्दल काय माहीत आहे

रेशी आणि शुगर, हा मराठवाड्यातला सर्वात चालणारा दावा. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या ८४ जणांवर १६ आठवडे चाचणी झाली, रोज ३ ग्रॅम. एचबीए१सीमध्ये (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) किंवा उपाशीपोटीच्या साखरेत फरक पडला नाही. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानंही (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) मधुमेहींसाठी रेशीला दुजोरा दिला नव्हता. जनावरांवरचे आणि काचेच्या नळीतले प्रयोग पुष्कळ आहेत, त्यांचीच कात्रणं विकणारे दाखवतात. कर्करोगाबाबत कॉक्रेनचं म्हणणं असं की पहिला उपचार म्हणून रेशीला आधार नाही, मूळ उपचारासोबत जोड म्हणून विचार होऊ शकतो, पण अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. शुगर, बीपी, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या घरपोच देणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

लायन्स मेनबद्दल जपानमधली २००९ सालची चाचणी छोटी पण नेटकी आहे. स्मरणशक्ती किंचित कमी झालेले ३० जण, वय ५० ते ८०, रोज सुमारे ३ ग्रॅम फळाची भुकटी, १६ आठवडे. घेणाऱ्या गटाचे गुण वाढले आणि बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. यावरून दोन गोष्टी कळतात: मात्रा ग्रॅममध्ये लागते आणि सातत्य लागतं. दिवसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेऊन या चाचणीचा हवाला देण्यात अर्थ नाही.

टर्की टेलचं पीएसके जपानमध्ये १९७७ पासून कर्करोगाच्या उपचारासोबत दिलं जायचं, २०१७ च्या सुमारास त्याची विक्री थांबली. शिताके मशरूमपासूनचं लेंटिनान तिथं १९८५ पासून इंजेक्शननं देत. इंजेक्शनचा निकाल कॅप्सूलच्या नावावर खपवू नये, इतकंच.

चागा, म्हणजे थंड प्रदेशातल्या बर्च झाडावर वाढणारी काळी बुरशी, याबद्दल मात्र मी स्पष्ट सांगेन, आपल्याकडे तो घेऊच नये. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. जपानमध्ये एका ७२ वर्षांच्या बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची भुकटी घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, अशी वैद्यकीय नोंद आहे. मराठवाड्याचा उन्हाळा, घामानं आटणारं अंग, कमी पडणारं पाणी आणि आधीच मुतखड्याची तक्रार, यात चागाची भर कशाला?

घरी काढा करायचा तर

रेशीचे वाळलेले काप मिळतात. भुकटीपेक्षा काप घ्या, डोळ्यांनी दिसतं काय घेतोय ते. वरची बाजू लाखेसारखी तांबूस चकचकीत, खालची फिकी, बारीक छिद्रांची. काप मोठे असतील तर अडकित्त्यानं बारीक करता येतात, विळीवर प्रयत्न करू नका.

सुरुवातीला एका माणसाला दिवसाला ३ ग्रॅम पुरे. चिनी औषधकोशात ६ ते १२ ग्रॅम मात्रा दिलेली आहे, पण तिथपर्यंत लगेच जायची गरज नाही. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी घ्या, काप दोन तास भिजत ठेवा. बोअरचं पाणी वापरू नका. उकळलं की त्याचा पांढरा क्षार काढ्यात उतरतो आणि तळाला बसलेला तो थर अर्क समजून लोक पितात. एक उकळी आली की गॅस अगदी बारीक करा, झाकण अर्धवट ठेवा, दीड ते दोन तास. पाणी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आलं की गाळा. तेच काप पुन्हा अर्धा लिटर पाण्यात तासभर उकळा, दोन्ही काढे एकत्र करा. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर निम्मा निम्मा.

मोठ्या आचेवर ठेवून दुसऱ्या कामाला लागलं की पाणी आटतं, तळ करपतो, आणि करपट कडू आणि रेशीचा कडू यात फरक कळत नाही. तो काढा टाकून द्यायचा. कुकरमध्ये केलं तर चाळीस मिनिटांत होतं, पण कुकर निम्म्याहून कमी भरा. चव सहन होत नसेल तर सुंठ घाला. शुगर असलेल्यांनी गूळ घालू नये. फ्रिजमध्ये काढा दोन दिवस टिकतो. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर संध्याकाळपर्यंत आंबायला लागतो.

कॉर्डिसेप्सला इतकं उकळायचं नाही. एक ग्रॅम सुकी फळं दीड कप पाण्यात वीस मिनिटं मंद आचेवर, मग फळंही चावून खायची.

अर्काच्या भुकटीचा खरा शत्रू आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर डबा उघडा राहिला की ती ओल ओढून दगड होते. गोळा झाली म्हणून ती खोटी नसते, उलट खरा अर्क दळलेल्या मशरूमपेक्षा लवकर गोळा होतो. ओला चमचा घालू नये, ओल शोषणारी पुडी आतच राहू द्यावी. गोळा फोडल्यावर कुबट वास आला किंवा हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर सगळा डबा टाकायचा, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

इथं पिकवणाऱ्यांसाठी

धिंगरी लावणाऱ्या काही जणांना आता रेशी-कॉर्डिसेप्सची स्वप्नं दाखवली जातात. रेशीला २८ ते ३२ अंश चालतं, म्हणजे तापमान आपल्या बाजूचं आहे. लाकडाचा भुसा ८० भाग, गव्हाचा कोंडा २० भाग, ओलावा ६५ टक्के, आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशाला दीड ते दोन तास. नुसत्या वाफेवर भागवलं तर कोंड्यामुळे हिरवी बुरशी हमखास येते. अडतं ते आर्द्रतेवर. फळाच्या कडेला पांढरी किनार असते, ती म्हणजे वाढतं टोक. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फॉगर दोन तास बंद पडला तर ती किनार वाळून कडक होते आणि फळ तिथंच थांबतं. पुन्हा पाणी मारून ते वाढत नाही. खोली कोंदट ठेवली तर छत्री न धरता हरणाच्या शिंगासारखी बोटं निघतात. किनार पूर्ण तांबूस झाली की काढणी. वर बसणारी तपकिरी धूळ बुरशी नाही, ते बीजाणू आहेत. ते छातीत जातात, मास्क लावा.

कॉर्डिसेप्सला १८ ते २० अंश सतत लागतात. मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि रात्री वीज गेलेली, अशा गणितात जनरेटरचा खर्च आधी मांडा. दुसरा धोका कल्चरचा, म्हणजे लागवडीसाठी जपलेल्या मूळ जाळ्याचा. तेच कल्चर पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की ते थकतं, बरणीत पांढरा कापूस होतो आणि केशरी फळ येतच नाही.

धिंगरी तुच्छ समजू नका. तिच्यातही बीटा-ग्लुकान आहे, आणि उन्हाचा एक फायदा आपल्याला फुकट मिळतो. मशरूममधलं एर्गोस्टेरॉल उन्हातल्या अतिनील किरणांनी व्हिटॅमिन डी२ बनतं. ताजी धिंगरी चिरून, पडद्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात अर्धा ते एक तास ठेवा. काचेआड ठेवून उपयोग नाही, ते किरण काच अडवते. पूर्ण वाळवायची तर कापडाखाली सावलीत नेऊन, कटकन मोडेपर्यंत. दहा किलोची साधारण एक किलो होते. पावडर करून विकायची असेल तर सोयाबीनचं कुटार कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिनमध्ये भिजवू नका, ८० अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. आरोग्यासाठी विकायच्या मालात बुरशीनाशकाचा अंश कशाला न्यायचा? सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाची आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची माहिती घेऊनच पैसे गुंतवा, स्पॉन विकणाऱ्याच्या शब्दावर नको.

बाभळीच्या, गुलमोहराच्या बुंध्यावर पावसाळ्यात उगवणारं चकचकीत भूछत्र रेशीच्या कुळातलं असू शकतं. त्या कुळात एकासारख्या दिसणाऱ्या कितीतरी जाती आहेत, आणि रस्त्याकडेच्या झाडावर गाड्यांचा धूर बसलेला असतो. ते काढ्यात घालू नका.

कुणी घेऊ नये

रेशीमुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन, म्हणजे रक्त पातळ करायची कुठलीही गोळी चालू असेल, अँजिओप्लास्टी झालेली असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद. किडनी बदललेल्यांनी तर हात लावू नये. त्यांची औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात आणि ही मशरूम नेमकी तिला चेतवणारी म्हणून विकली जातात. संधिवातासारख्या स्वप्रतिकार आजारातही हेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी घेऊ नये.

शुगरची आणि बीपीची गोळी बंद करून मशरूम सुरू करणं, हा मी पाहतो त्यातला सर्वात घातक प्रकार. गोळी चालू ठेवून घेणाऱ्यांनीही पहिले दोन आठवडे घरच्या मशीनवर साखर मोजत राहावी. घाम, थरथर, एकाएकी भूक लागली तर आधी साखर खा, मग मोजा.

सुरुवात एका वेळी एकाच मशरूमनं करा, सांगितलेल्या मात्रेच्या अर्ध्यानं. आठ प्रकारांचं मिश्रण घेतलं आणि अंगावर खाज उठली तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग नसतो. तोंड कोरडं पडणं, पोट बिघडणं, मळमळ हे कमी मात्रेत बहुतेक थांबतं. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळसर, भूक मेलेली, अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी बंद. रेशीची भुकटी घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडमधून आहेत, थायलंडमधला रुग्ण दगावला. डॉक्टरकडे जाताना ‘काहीतरी आयुर्वेदिक घेत होतो’ असं सांगू नका. बाटली पिशवीत घालून न्या, लेबलासकट, म्हणजे यकृताची तपासणी लिहून द्यायला त्यांना वेळ लागणार नाही.